दात काढायचा म्हटलं की...

मराठीत 'दात काढणे' या शब्दांचे दोन अर्थ आहेत. एक विनाकारण हसण्याचा आणि दुसरा डेंटिस्टच्या खुर्चीत बसून करून घेण्याचा. पहिल्या प्रकारात आपली मंडळी तरबेज आहेत. मंडळाच्या नाटकाला मागच्या दोन रांगांकडे नजर टाकली तरी खात्री पटेल. दुसऱ्या प्रकाराचं नाव निघालं, की मात्र भल्याभल्यांची दातखीळ बसते. दोन बॅगा आणि जेमतेम डॉलर घेऊन या परक्या देशात उतरलेली, बर्फाच्या वादळात हायवेवर गाडी हाकणारी, बायपाससुद्धा "होऊन जाऊ दे एकदाची" म्हणून करून घेणारी माणसं एका किडक्या दाढेपुढे हात टेकतात.

चार मराठी घरं पॉटलकला जमली आणि कुणी गालावर हात ठेवून "दाढ ठणकतेय हो" म्हणालं, की सल्ल्यांना तोटा नसतो. "वरची की खालची? वरची असेल तर अजिबात हात लावू देऊ नका, डोळ्यांवर जाईल." "डिसेंबरात इंडियाला चाललाच आहात ना, तिथेच काढून घ्या." "माझ्याकडे अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्यात, देऊ का?" सगळे सल्ले अगदी प्रेमापोटी दिलेले असतात, आणि सगळ्यांचं तात्पर्य एकच असतं : सध्या जाऊ नका.

हा विषय थट्टेवारी नेण्यासारखा वाटतो, पण तसा तो नाही. २००७ साली मेरीलँड राज्यात एका १२ वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दातातला संसर्ग मेंदूपर्यंत पोचला. मेंदूवर दोनदा शस्त्रक्रिया होऊनही मुलगा वाचला नाही. तो दात वेळीच काढायला ८० डॉलर लागले असते, असं तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिलं होतं. त्या गरीब कुटुंबापुढे विम्याच्या आणि डेंटिस्ट मिळण्याच्या अडचणी होत्या. आपल्यापैकी बहुतेकांकडे विमा असतो, गाडी असते, डेंटिस्ट दहा-पंधरा मिनिटांवर असतो. तरीही आपण जात नाही, ते निव्वळ भीतीपोटी.

म्हणून या भीतीचीच जरा तपासणी करावी असं आम्ही ठरवलं. आम्ही दंतवैद्य नव्हे, इंजिनियर. पण एखादी गोष्ट का घडते हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही, ही आमच्या धंद्याची खोड. कुठला दात काढायचा आणि कुठला वाचवायचा हे तुमचा डेंटिस्टच ठरवेल. तुम्ही त्याच्या दारापर्यंत पोचावं, एवढाच या लेखाचा उद्देश.

'वरचा दात काढला की नजर जाते'

आपल्याकडच्या गैरसमजांचा हा मेरुमणी. खेड्यातल्या आजीपासून कॉम्प्युटरवाल्या नातवापर्यंत सगळ्यांनी तो ऐकलेला असतो. गंमत म्हणजे तो आजीनं रचलेला नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात वरचा दात हलत असला तरी वैद्यानं तो उपटू नये असं सांगितलेलं आहे. रक्तस्राव अतिशय होतो, त्यातून घोर विकार जडतात, माणूस एका डोळ्यानं आंधळा होतो, तोंड वाकडं होतं, असं कारणही दिलेलं आहे. ज्या काळी भूल नव्हती, जंतू ठाऊक नव्हते, रक्त थांबवायची साधनं तुटपुंजी होती, त्या काळच्या शल्यवैद्यानं असा सावधगिरीचा इशारा द्यावा यात नवल नाही. परिस्थिती बदलली, इशारा मात्र तसाच राहिला.

आता शरीररचना काय सांगते ते पाहू. दिसण्याचं काम करणारी नस डोळ्याच्या मागून निघून थेट मेंदूत जाते. तिचा दातांशी काही संबंध नाही. दातांची संवेदना वाहून नेणारी नस वेगळी. ती चेहऱ्याची मुख्य नस असून तिला तीन फाटे आहेत : एक कपाळ आणि डोळ्याच्या भागाकडे, एक वरच्या जबड्याकडे, एक खालच्या जबड्याकडे. या तिन्ही वायरी एकाच जंक्शनला मिळत असल्यामुळे वरची दाढ दुखली की डोळ्यामागे, कानशिलात ठणका जाणवतो. वेदना सरकते, म्हणून नजरही सरकेल असं वाटतं. वरच्या सुळ्याला इथे इंग्रजीतही 'आय टूथ' म्हणतात, म्हणजे हा समज काही फक्त आपलाच नाही.

शिवाय वयाचा योगायोग आहे. दात काढायची वेळ बहुधा चाळिशी-पन्नाशीत येते, आणि जवळचं वाचायला चष्मा लागतो तोही तेव्हाच. मराठीत त्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात! मार्चमध्ये दाढ काढली आणि सप्टेंबरात पेपर लांब धरावा लागला, की दाढेवर खापर फुटतं. दाढ काढली नसती तरी पेपर लांब धरावाच लागला असता.

खरा धोका उलट दिशेनं आहे. वरच्या दाताच्या मुळाशी पू साठला आणि तो तसाच राहू दिला, तर क्वचित तो संसर्ग डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचू शकतो, आणि मग डोळा खरोखरच धोक्यात येतो. डोळ्याच्या काळजीनं दात ठेवून घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

'फार दुखतं हो!'

आपल्या आजोबांच्या वेळी दुखत होतं, यात शंका नाही. गावातल्या दात काढणाऱ्याची पक्कड, दोन माणसांनी धरलेले हात-पाय, या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या आणि त्या मनात घर करून बसल्या. पण शस्त्रक्रिया वेदनेवाचून होऊ शकते हे जगाला दाखवून देण्यात पुढाकार दंतवैद्यांचाच होता. ११ डिसेंबर १८४४ रोजी कनेटिकटमधल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्यानं नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यानं ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. आज दातासाठी सर्रास वापरलं जाणारं लिडोकेन (भारतात त्याला लिग्नोकेन म्हणतात) १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेननं तयार केलं आणि १९४८ पासून ते बाजारात आलं.

हे औषध नसेच्या पेशीत सोडियमची जी दारं असतात ती बंद करतं, त्यामुळे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. पण दाब आणि ओढ यांची जाणीव बऱ्याच अंशी शिल्लक राहते. हे आधी ठाऊक नसलं की दाब जाणवताच "भूल लागलीच नाही!" असं वाटून माणूस घाबरतो. तेव्हा खुर्चीत बसताना एवढं मनाशी पक्कं करावं : दाब जाणवणार, दुखणार नाही. आणि दुखलंच, तर हात वर करायचा. डेंटिस्ट थांबतो आणि आणखी भूल देतो. हा संकेत सुरुवातीलाच ठरवून घ्यावा. इंजेक्शनच्या सुईचीच भीती असेल तर तेही मोकळेपणानं सांगावं, आधी हिरडीला बधिर करणारं जेल लावतात.

दात 'उपटतात' हीसुद्धा चुकीची कल्पना. दात हाडात सिमेंटनं बसवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीची तंतूंची गादी असते, तिच्यावर तो टांगलेला असतो. डेंटिस्ट एक बारीकशी पाहार म्हणावी अशा हत्यारानं, तरफेच्या नियमानं, हे तंतू सैल करतो आणि दात हळूहळू हलवून भोवतालची खाच किंचित रुंद करतो. आपल्याकडे खुंटा हलवून बळकट करतात, इथे हलवून सैल करायचा असतो एवढाच फरक. शेवटची ओढ अगदी थोडी. मधूनच 'कड्कन' आवाज येतो तेव्हा जबडा मोडल्यासारखं वाटतं, पण तो आवाज हाडातून थेट कानात शिरतो म्हणून एवढा मोठा भासतो.

एक गोष्ट मात्र खरी. पू भरून सुजलेल्या जागी आम्लता वाढते आणि तिथे भुलीचं औषध नीट लागू पडत नाही. म्हणजे "फार दुखेल" म्हणून जो महिनाभर जात नाही, त्यालाच गेल्यावर थोडं अधिक सोसावं लागण्याचा संभव असतो.

'गोळ्यांनी ठणका थांबला, आता कशाला?'

दाढ आठ दिवस ठणकते आणि एके सकाळी दुखायची थांबते. घरात आनंदीआनंद. पुष्कळदा याचा अर्थ एवढाच असतो, की दाताच्या आतली नस मेली. आग लागली असताना धोक्याची घंटा जळून बंद पडावी, तसंच हे. आग आत चालूच असते.

अँटिबायोटिकचंही तसंच. औषध रक्तातून पोचतं, आणि मेलेल्या दाताच्या पोकळीत रक्त फिरतच नाही. त्यामुळे गोळ्यांनी भोवतालची सूज उतरली, तरी मूळ कारण जागच्या जागी राहतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतं. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ साली डेंटिस्टना याबद्दल स्पष्ट मार्गदर्शन केलं. दातावर प्रत्यक्ष उपचार होऊ शकत असेल, तर अन्यथा धडधाकट प्रौढ माणसाला बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिकची गरज नाही. ताप येऊ लागला, संसर्ग अंगात पसरू लागला, तर गोष्ट वेगळी. इंडियाहून आणून कपाटात साठवलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देणं हे औदार्य नव्हे.

घरगुती उपायांपैकी लवंग गुणाची आहे. तिच्यातलं युजेनॉल थोडा वेळ बधिरपणा आणतं आणि डेंटिस्टसुद्धा ते वापरतात. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्याही चांगल्या. पण अ‍ॅस्पिरीनची गोळी दुखऱ्या दाढेखाली दाबून ठेवायची पद्धत टाळावी, तिनं हिरडी भाजते. आणि लवंग झाली तरी ती अपॉइंटमेंटच्या दिवसापर्यंत पोचण्यासाठी.

'यांना डायबेटिस आहे, यांचा दात काढता येत नाही'

हा प्रश्न मुख्यतः आपल्या आई-वडिलांचा. मधुमेह असला तर जखम भरायची नाही, अशी धास्ती असते. साखर आटोक्यात असेल तर दात काढायला अडचण येत नाही. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी, नेहमीप्रमाणे खाऊन आणि औषध घेऊन जावं, उपाशी जाऊ नये (गुंगीचं औषध द्यायचं असेल तर डेंटिस्ट वेगळी सूचना देईल ती पाळावी). साखर फार वाढलेली असेल तर संसर्गाचा धोका वाढतो हे खरं. पण हिरड्यांचा जुना संसर्ग असेल तर साखर आटोक्यात आणणंही कठीण जातं, हे तितकंच खरं. दोन्ही दुखणी एकमेकांना खतपाणी घालतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल घरचे लोक दोन टोकं गाठतात. काही दातच काढत नाहीत, काही आपल्या मनानं गोळी बंद करून मोकळे होतात. यातली दुसरी चूक अधिक वाईट. एक-दोन दात काढताना होणारा रक्तस्राव बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतो. गोळी बंद केल्यामुळे हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ते भलत्याच थराला जातं. बहुतेक रुग्णांना ही औषधं बंद करावी लागत नाहीत. काय करायचं ते डेंटिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर यांनी आपसात ठरवावं.

एक औषध मात्र आवर्जून सांगायला हवं आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं : हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बायकांना दिली जाणारी आठवड्याची गोळी, किंवा सहा महिन्यांनी वा वर्षानं घ्यायचं इंजेक्शन. या औषधांमुळे क्वचित दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही, असं २००३ पासून लक्षात आलेलं आहे. आईला "औषधं कुठली घेतेस?" असं विचारलं की ती रोजच्या गोळ्या सांगते, वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन तिच्या ध्यानातही नसतं. तेव्हा तिकडच्या डॉक्टरांची फाइल येतानाच बरोबर आणायला सांगावी.

आमच्या ओळखीच्या एका घरी असंच घडलं. सांगलीहून वडील सहा महिन्यांसाठी आले होते. तीन आठवडे ते एकाच बाजूनं जेवत होते, पोळी दुधात कुस्करून खात होते. सून विचारायची, "बाबा, दात दुखतोय का?" तर उत्तर ठरलेलं, "छे गं, जरा ठणकतंय, जाईल. कशाला उगाच तुमचे डॉलर!" एका संध्याकाळी गळ्यापर्यंत सूज आली, तोंड उघडेना, पाणी गिळवेना. इमर्जन्सीत नेलं, पू काढला, चार दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. बाबा सुखरूप परत गेले, पण जे डॉलर त्यांनी वाचवायचे ठरवले होते त्याच्या कितीतरी पट गेले, आणि घरच्यांच्या जिवाचं पाणी झालं ते वेगळंच.

तेव्हा आई-वडिलांना "दुखतंय का?" असं विचारून भागत नाही. ते कुठल्या बाजूनं चावतात, भाकरी-चकली का नको म्हणतात, यावर लक्ष ठेवावं. आणि गळ्याकडे पसरणारी सूज, ताप, तोंड न उघडणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये, सरळ इमर्जन्सीत न्यावं. एरवी साध्या दातदुखीसाठी तिथे जाऊन उपयोग नसतो, कारण बहुतेक ठिकाणी तिथे दात काढत नाहीत, गोळ्या देऊन डेंटिस्टकडे पाठवतात.

'गरोदरपणी दाताला हात लावायचा नाही'

प्रत्येक बाळंतपणामागे एक दात जातो, बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं, असं आपल्याकडे म्हणतात. बाळ दातातलं कॅल्शियम घेत नाही. हिरड्या मात्र त्या काळात सुजतात, उलट्यांच्या आम्लानं दात झिजतात, आणि मळमळीमुळे ब्रश करणं कमी होतं, हे खरं कारण. इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटना सांगतात, की गरोदरपणी दातांचे उपचार, एक्स-रे आणि लिडोकेनची भूल सुरक्षित आहेत. चौथा ते सहावा महिना खुर्चीत बसायला सोयीचा. पण ठणका किंवा पू असेल तर कुठल्याही महिन्यात उपचार करावेत, कारण साठलेला संसर्ग आईलाही घातक आणि बाळालाही.

'एक काढला की सगळे खिळखिळे होतात'

यात खऱ्याचा अंश आहे. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात हळूहळू लांबतो, आणि तिथलं हाड झिजतं. पण एक दात काढल्यामुळे बाकीचे सुटत नाहीत. ज्या हिरड्यांच्या विकारानं पहिला दात गेला, तोच विकार बाकीच्यांना पोखरत असतो, आणि आळ येतो पहिल्या दातावर.

म्हणून काढण्याआधीच तीन प्रश्न विचारावेत. हा दात रूट कॅनल करून वाचेल का? काढला तर त्या जागी काय बसवायचं? आणि काहीच बसवलं नाही तर काय होईल? दात काढणं हा शेवटचाच उपाय, वाचण्यासारखा असेल तर वाचवावा. जागा भरायला ब्रिज, काढता-घालता येणारी अर्धी कवळी आणि इम्प्लांट असे पर्याय आहेत. इम्प्लांटची कथा आम्हाला विशेष आवडते. स्वीडनच्या पर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडावर प्रयोग करताना असं आढळलं, की टायटेनियमशी हाड एकजीव होतं, मग ते निघता निघत नाही. १९६५ साली त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिला स्क्रू बसवला. आजही त्यामागचं तत्त्व तेच आहे.

इथल्या दातांच्या विम्याला बहुधा वर्षाची मर्यादा असते, पुष्कळ ठिकाणी १,००० ते २,००० डॉलरच्या दरम्यान. मोठं काम असेल तर काही भाग डिसेंबरात आणि काही जानेवारीत करता येईल का, हे ऑफिसमधल्या मुलीला विचारायला लाजू नये. पण संसर्ग असेल तर मर्यादेकडे पाहत बसू नये. पाहुण्या आई-वडिलांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये दातांसाठी फार थोडी तरतूद असते, तेव्हा पॉलिसी घेतानाच वाचावी. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांना डेंटल कॉलेजच्या क्लिनिकमध्ये कमी दरात काम करून मिळतं. विद्यार्थी करतात, पण प्राध्यापक डोक्यावर उभे असतात.

मुलांचे दात आणि अक्कलदाढा

"दुधाचा दात काय, पडणारच आहे, किडला तर किडू दे." हेही ऐकू येतं. दुधाचे २० दात खालून येणाऱ्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. एखादी दुधाची दाढ फार लवकर काढावी लागली तर ती जागा धरून ठेवायला छोटीशी पट्टी बसवतात. आपण पडलेला दात कौलांवर फेकत होतो, आपली मुलं उशीखाली ठेवून टूथ फेअरीची वाट पाहतात. किडीच्या बाबतीत दोन्हीकडे नियम सारखाच.

मुलं सतरा-अठरा वर्षांची झाली की अक्कलदाढांचा प्रश्न येतो. "अक्कलदाढ काढली तर अक्कल जाईल" हा विनोद झाला. उगवायच्या वयावरून तिला ते नाव पडलं. पण "इथे सगळ्यांच्याच चारही काढतात, पैसे उकळायला" ही शंका पुष्कळ आई-बापांच्या मनात असते, आणि प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. ब्रिटनमध्ये २००० सालापासून अशी शिफारस आहे, की अडकलेल्या अक्कलदाढेला काही विकार नसेल तर ती उगाच काढू नये. अमेरिकेत पुढचा त्रास टाळण्यासाठी आधीच काढण्याकडे अनेकांचा कल आहे, कारण लहान वयात मुळं पूर्ण वाढलेली नसतात आणि जखम लवकर भरते. एक्स-रे समोर ठेवून "ही आत्ताच का काढायची? ठेवली तर वर्षावर्षाला तपासता येईल का?" असं विचारावं, हवं तर दुसऱ्याचंही मत घ्यावं. मात्र तिच्यापाशी वारंवार सूज येत असेल किंवा शेजारची दाढ किडत असेल, तर चालढकल नको.

आणखी एक. अक्कलदाढ काढल्यावर मुलांना अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या लिहून देण्याची इथे एके काळी सर्रास पद्धत होती. २०२४ साली अमेरिकन डेंटल असोसिएशननं मान्य केलेल्या मार्गदर्शनानुसार आधी आयबुप्रोफेनसारखी औषधं, एकटी किंवा ऍसिटामिनोफेनबरोबर (म्हणजे आपली क्रोसिन), द्यावीत. बहुतेकांचं दुखणं त्यांनीच भागतं. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील त्यांनी मात्र आयबुप्रोफेन विचारून घ्यावं.

काढल्यानंतर

खाचेत रक्ताची जी गुठळी बसते ती निसर्गाची मलमपट्टी. सगळी पथ्यं तिला जपण्यासाठी आहेत. बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा, दर दोन मिनिटांनी काढून पाहू नये. पहिले २४ तास चूळ भरू नये, जोरानं थुंकू नये, स्ट्रॉनं पिऊ नये. लाळ लालसर दिसली तर घाबरू नये, थेंबभर रक्त लाळेत मिसळून भरपूर दिसतं. पण दाब देऊनही रक्त वाहतच राहिलं तर फोन करावा. सिगारेट नको, मशेरी किंवा तपकीर लावणाऱ्या आजींनीही जखम भरेपर्यंत ती दूर ठेवावी, आणि पुढेही ठेवली तर उत्तमच. गुठळी निघून गेली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाड उघडं पडून असह्य ठणका लागतो. शंभरात दोन ते पाच जणांना असं होतं, खालच्या अक्कलदाढेत जास्त. डेंटिस्ट औषधाची पट्टी घालतो आणि आराम पडतो.

खाण्याचे निर्बंध आपल्याकडे अफाट. भातानं पू होतो, दह्यानं पू होतो, थंड बाधतं. पू जंतूंमुळे होतो. गार दही, मऊ गुरगुट्या भात, कोमट वरण, आइस्क्रीम यांपैकी काहीही चालेल. थंडानं उलट सूज कमी होते. फार गरम, तिखट, आणि चिवडा-दाण्यांसारखं खाचेत अडकणारं काही दिवस नको. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या कराव्यात.

'इंडियाला गेल्यावर बघू'

भारतातले दंतवैद्य उत्तम आहेत आणि खर्चही कमी येतो, यात वाद नाही. पण वाट पाहण्यासारखा दात आणि न पाहण्यासारखा दात यांत फरक करायला हवा. पू झालेली दाढ जुलैपासून डिसेंबरपर्यंत गोळ्यांवर ठेवणं किंवा सूज घेऊन सोळा तासांच्या विमानात बसणं शहाणपणाचं नाही. नियोजित काम तिकडेच करायचं असेल तर पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात करावं, लग्नकार्यं आणि खरेदी आटोपून परतीच्या आदल्या दिवशी नव्हे. इम्प्लांटचं हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, म्हणजे ते तीन आठवड्यांच्या सुट्टीत पुरं होत नाही. एक्स-रे आणि काय काय केलं त्याची टिपणं बरोबर आणावीत, म्हणजे इथल्या डेंटिस्टला पुढचं काम करता येतं.

घरात कुणाची दाढ या घटकेला कुरकुरत असेल, तर आमची एवढीच विनंती : हा अंक बाजूला ठेवून आधी अपॉइंटमेंटचा फोन लावावा. आई-बाबा येणार असतील तर त्यांना निघण्यापूर्वीच तिकडे दात दाखवून यायला सांगावं, आणि इथे आल्यावर काही दुखलं तर डॉलरचा हिशोब त्यांच्या कानावर जाऊ देऊ नये. येत्या दिवाळीच्या चकल्या घरातल्या सगळ्यांना, आजोबांसकट, दोन्ही बाजूंनी चावून खाता याव्यात.